चढावरची शिट्टी

सर्व्हिसिंगहून आल्यापासून बाबांची गाडी शिट्टी वाजवत होती. उनाड पोरासारखी खणखणीत नव्हे, सर्दी झालेल्या कुकरसारखी. सपाटीवर ती कशीबशी चालली, पण टेकडीचा चढ लागताच तिचा जीव वर-खाली होऊ लागला. एक सायकलवाला शेजारून पुढे गेला आणि जाताना त्याने काळजीने मागे वळून पाहिलं.

"ऐकलंस?" बाबा म्हणाले.

"ऐकतोय. बोलू नका," शास्त्रज्ञ म्हणाला. बाबांच्या या मुलाला पदार्थविज्ञानाची पदवी मिळाल्यापासून घरात हेच नाव पडलं होतं. त्यातला टोमणा वजा करून तो ते आनंदाने मिरवायचा.

टेकडीवर ताईचं घर होतं, आणि ताईने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "बाबा, गाडी आपल्या पायांनी वर आली तर ठेवा. ढकलत आणलीत, तर इथूनच भंगारात देईन. तुम्ही रस्त्यात अडकून पडलात की जीव माझा टांगणीला लागतो." बाबांनी ऐटीत कबूल केलं होतं. गाडी त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. सीटांवरचं प्लास्टिक इतक्या वर्षांत निघालं नव्हतं. उन्हात बसलेला माणूस उठताना सोलून निघाल्यासारखा आवाज यायचा. घरी टीव्हीचा रिमोटही पिशवीत असे, वर रबरबँड लावून.

"गाडी बाजूला घ्या," शास्त्रज्ञ म्हणाला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी एसी बंद."

एसी बंद झाला. शिट्टी चालूच.

"आता न्यूट्रलमध्ये टाका आणि जागच्या जागी रेस करा."

गाडी उभीच होती, तरी शिट्टी वाढली.

"बघा, चाकांचा संबंध नाही. आवाज इंजिनाबरोबर वाढतो, म्हणजे दोष इंजिनाकडे. शिट्टी म्हणजे हवा, आणि ताकद जाते म्हणजे हवा कमी पडते. मेकॅनिकने हवेची नळी ढिली ठेवलीय. दुसरं काही असूच शकत नाही."

"मी म्हणतच होतो," बाबा म्हणाले. त्यांनी असं काहीच म्हटलं नव्हतं.

शास्त्रज्ञाने मेकॅनिकला फोन लावला आणि नवा कोरा फोन इंजिनाजवळ धरला.

"काही ऐकू येत नाही हो," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही पांघरुणात शिरून बोलताय का?"

"शिट्टी ऐका. नळी ढिली आहे."

"किल्ली? किल्ली तर बाबांकडेच दिली मी."

"नळी. हवेची."

"साहेब, माझ्या हाताने आवळलीय. ढिली निघाली तर गॅरेजवरची पाटी उतरवतो. आणि तुमचा फोनही एकदा सर्व्हिसिंगला टाका."

शास्त्रज्ञाने बॉनेट वर केलं. पाटी उतरवायला लावायचीच, या निश्चयाने त्याने नळी हलवली. ती हलेना. दोन्ही हातांनी हलवली. नळी मेकॅनिकच्या बाजूने ठाम उभी होती. नळीत दोष नाही, मग हवा अडते कुठे, असं म्हणत तो नळीच्या मागे मागे गेला आणि एअर फिल्टरच्या डब्यापाशी थांबला. त्याने डब्याच्या खिट्ट्या काढून झाकण उचललं.

आत नवा पांढराशुभ्र फिल्टर होता. तो एका पारदर्शक पिशवीत होता. पिशवीला व्यवस्थित गाठ होती आणि वर रबरबँड.

शास्त्रज्ञाने पिशवीकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा दरीचं निसर्गसौंदर्य पाहत होते.

"बाबा."

"अरे, इतका स्वच्छ फिल्टर. आधीचा बघितलास ना, कसा काळाकुट्ट झाला होता? दोन दिवसांत याचीही तीच गत झाली असती."

"धूळ अडवणं हेच त्याचं काम आहे."

"म्हणून काय मळू द्यायचा?"

"बाबा, इंजिन यातून श्वास घेतं."

"ते कळतं मला. मी काय अडाणी आहे? म्हणून तर सुईने भोकं पाडली." बाबांनी पिशवी उजेडात धरली. भोकं खरंच होती, सारख्या अंतरावर, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. इतका वेळ शिट्टी वाजत होती ती त्यांतूनच.

पिशवीबाहेर आलेल्या फिल्टरने मोकळा श्वास घेतला आणि गाडी अशी उधळली की मघाचा सायकलवाला तिला वळणावरच सापडला. बाबांनी काच खाली करून त्याला हात केला. ताई फाटकातच कमरेवर हात ठेवून उभी होती. गाडी तिच्यासमोर हूं की चूं न करता थांबली.

"आली की गं आपल्या पायांनी," बाबा म्हणाले.

"आली खरी," ताई नाइलाजाने म्हणाली. "उशीर का झाला?"

"तुझ्या वडिलांनी इंजिनाला पिशवी घातली होती," शास्त्रज्ञ म्हणाला, आणि सगळी हकीकत त्याने हसत हसत, हातवारे करून सांगितली. मग मोठ्या मनाने मेकॅनिकची माफी मागायला फोन लावला. पलीकडून पुन्हा तेच, "काही ऐकू येत नाही हो."

बाबांनी त्याच्या हातातून फोन घेतला, चष्मा वर सरकवला आणि कड न्याहाळली. खोक्यातून आलेली पारदर्शक पट्टी अजून फोनच्या कडेला घट्ट चिकटलेली होती. बोलायचं छिद्र तिच्याखाली गुदमरलं होतं.

"हे काय रे?"

शास्त्रज्ञाचा आवाज एकदम खाली आला. "नवीन आहे... ओरखडे पडतील म्हणून."

बाबांनी फोन जपून त्याच्या हातात ठेवला.

"निदान भोकं तरी पाडायचीस."