पौर्णिमेआधीचे रोट

श्रावणात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, साडेबारा वाजता नानांनी इन्सुलिन टोचून घेतलं. दोन वाजता ते ताटासमोर कोसळले. मी समोर बसलो होतो.

मेहरूणला आमच्या भिंतीला भिंत लागून नानांचं घर. मूळचे धुळ्याकडचे, सगळी नोकरी कालव्यांवर पाणी सोडण्यात गेली. ते कुणाला ‘कसं काय’ असं विचारत नसत. सकाळी सहाला कुंपणावरून हाक यायची, “भाऊ, पातळी कितली शे?” पातळी म्हणजे रक्तातली साखर. मला मधुमेह नव्हता, पण हे त्यांना दर महिन्याला स्वतः तपासून हवं असे. ग्लुकोमीटर घेऊन येत, माझं बोट धरून टोचत आणि आकडा बघून धरण भरल्यासारखी मान हलवत. गॅसची टाकी आणणारा माणूस त्यांच्या दारात बोटं वाचवायला खिशात हात घालून उभा राहायचा.

मी ग्रंथपाल. पण मधुमेह मला कुठल्या पुस्तकाने त्यांच्याइतका नीट समजावला नाही. जेवलं की रक्तात साखर उतरते, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं. शरीरातल्या पेशी ही शेतं, आणि प्रत्येक शेताच्या तोंडाशी दार. ते उघडायला स्वादुपिंड इन्सुलिन पाठवतं. तो पाटकरी, दारं उघडणारा. जास्तीचं पाणी यकृताच्या तळ्यात साठतं. कालवा आटू लागला की पाटकरी घरी जातो, आणि स्वादुपिंड दुसरा माणूस पाठवून तळ्यातलं पाणी खाली सोडतं. नानांच्या शेतांची दारं आधी गंजली, पाटकऱ्याला दाद देईनात. कालवा तुडुंब आणि शेतं कोरडी. मग माणसं पाठवून पाठवून स्वादुपिंडही थकलं. आता पाटकरी सुईतून येत होता.

“तो परका माणूस शे भाऊ,” नाना सांगत. “कालवामा पाणी शे का नही, त्याले समजत नही. तो दारं उघडतच ऱ्हास.”

हे सांगताना ते हसायचे. मीही हसायचो.

श्रावणात, पौर्णिमेआधीच्या रविवारी, आमच्या भागात घरोघरी कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्या पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. हेच रोट. ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बायको, अक्का, गेल्यापासून पोळ्या नाना स्वतःच लाटत. एकही गोल नसे. त्या वर्षी त्यांनी चौघांचे मिळून पाच मुठी गहू काढले : आपले, सुरतेला असलेल्या मुलाचे आणि दोन नातवांचे.

रविवारी कोणी आलं नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी सकाळी मुलाचा फोन आला की सुट्टी मिळत नाही. नानांनी बरं म्हटलं आणि त्याची पातळी विचारली. मग मला बोलावलं.

“तू जेवू नको. नुस्ता बस.”

मी बसलो. ताटात सहा पोळ्या होत्या, वर तूप. एवढ्या कशा संपणार, असं मी विचारलं, तर म्हणाले हिशेब केलाय. पहिली पोळी त्यांनी दुधात कुस्करून खाल्ली. दुसरीचा घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. पाणी प्यायले, पुन्हा प्रयत्न केला. मग नातवाच्या मुंजीतल्या पंगतीबद्दल सांगत बसले. पाऊण तास गेला. ताट तसंच.

बोलता बोलता त्यांचा शब्द अडखळला. कपाळावर घाम आला, पंखा चालू असताना. मी काय होतंय विचारलं, तर माझ्यावरच खेकसले की कालव्याच्या अकरा नंबरच्या चारीचं दार कुणी उघडं ठेवलं. मग भिंतीला टेकून घसरले.

मीटर खिडकीतच होता. त्यांनी माझं बोट ज्या सवयीने धरलं असतं, तसं मी त्यांचं धरलं. बेचाळीस.

“नाना, किती टोचलंत?”

त्यांनी तीन बोटं वर केली. रोजच्या तिप्पट. सहा पोळ्यांचं पाणी येणार म्हणून त्यांनी आधीच तेवढे पाटकरी धाडले होते.

मी साखरेचं पाणी केलं. त्यांनी दात आवळले. रोट ताटात असताना दुसरं काही तोंडात घालायचं नाही, असं पुटपुटत होते. पोळीतली साखर रक्तात यायला वेळ लागतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते अजून गिळू शकत होते. थोड्या वेळाने तेही जमलं नसतं.

“अक्कांना काय सांगू मी?” मी म्हणालो.

त्यांनी तोंड उघडलं. चमचा चमचा करून पेला संपवला. पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे बघत राहिलो. एकसष्ट. पुन्हा अर्धा पेला. अठ्ठ्याऐंशी.

डॉक्टरांनी फोनवर बजावलं की औषधाचा जोर अजून काही तास राहील, तपासत राहा आणि त्यांना खायला घाला. घरात काय आहे, असं त्यांनी विचारलं. पुरणपोळी, मी म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारून खात्री केली. मग ते म्हणाले, घाला.

नानांनी उरलेली पोळी खाल्ली, वर आणखी एक. मग ताट माझ्याकडे सरकवलं.

“खाय.”

मी भाऊबंद नाही, याची मी आठवण करून दिली.

“पोऱ्या उना नही,” ते ताटाकडे बघत म्हणाले. “तू उना.”

मी आलो होतो खरा. दोन खाल्ल्या. एक उरली, ती संध्याकाळी दोघांनी अर्धी अर्धी केली.

माघात नाना झोपेतच गेले. मुलगा सुरतेहून आला, तेरा दिवस राहिला आणि जाताना किल्ली माझ्याकडे ठेवून गेला. घर बंद आहे. रविवारी मी ते उघडून झाडून घेतो.