पाठमोरा थांबा

कुलथेसाहेब वळणावर हात दाखवायचे. सायकलवरून नव्हे, पायी चालताना. उजवीकडे वळायचं असलं की उजवा हात आडवा, डावीकडे असलं की डावा. कचेरीत माझ्या टेबलाकडून कपाटाकडे जातानासुद्धा हात बाहेर यायचा. एकदा तो थेट माझ्या चहात बुडाला.

मी तेव्हा पुण्याहून नगररचनेची पदवी घेऊन नगरच्या प्रादेशिक नियोजन कचेरीत नवाच लागलो होतो. आपल्याला विचारल्याशिवाय मुंबईची वाहतूक सुरळीत होणार नाही, अशी माझी खात्री होती. मुंबईने विचारलं नाही. नगरने रंगपेन्सिली हातात दिल्या. नकाशावर शहराची हद्द पिवळी, लष्कराच्या छावणीची हिरवी आणि रस्ते खात्याची तांबडी रंगवायची, हे माझं नियोजन. त्यातही रंग हद्दीबाहेर जायचा.

साहेबांचं पालुपद एकच, "प्रदेश म्हणून बघा!" माझं पोट दुखलं तेव्हा म्हणाले, "नुसत्या पोटाकडे बघू नका हो पदवीधर, प्रदेश म्हणून बघा. काल जेवलात कुठे?" महानगरात म्हणे एकच मंडळ आसपासच्या सगळ्या गावांची वाहतूक एकत्र आखतं. आपल्याकडे शहराचा रस्ता छावणीच्या रस्त्याला ओळख देत नाही, हे त्यांचं मोठं दुःख होतं.

ती दुष्काळाची वर्षं. सगळं सरकार खडी फोडण्याच्या कामांत गुंतलेलं आणि आमचे साहेब एका बसथांब्यापायी झुरत होते. त्यांच्या घराजवळचा नाका नेमका तीन हद्दींच्या सांध्यावर, त्यामुळे भिंगारची बस तिथे थांबतच नसे. "निवृत्त व्हायच्या आत एवढा थांबा झाला पाहिजे," ते म्हणायचे. साहेबांना घराजवळ थांबा हवाय, म्हणजे तेही आपल्याइतकेच स्वार्थी आहेत, या विचाराने मला बरं वाटायचं.

अखेर तिन्हीकडच्या अधिकाऱ्यांची बैठक भरली. पोहे संपले आणि थांबा मंजूर झाला. बांधून झाल्यावर आम्ही बघायला गेलो, तर त्याची पाठ रस्त्याकडे आणि तोंड बाभळींकडे!

"तोंड रस्त्याकडं केलं तर पायरी रस्तेवाल्यांच्या हद्दीत जाती," गवंडी म्हणाला. "ते परवानगी देत न्हाईत. मंग पाठ केली. आता समदं आपल्यातच हाय बघा!"

मी पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. त्या कोऱ्या भिंतीवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून नाक्यावर आलो. साहेब रस्त्याच्या कडेला उभे आणि थांब्यात पिशवी घेऊन एक बाई बसलेल्या. लांबून बस येताना दिसली. आपली हुशारी दाखवायला मी ओरडलो, "बाई, बस आली!" त्यांनी मान वळवली नाही. मी आणखी मोठ्याने ओरडलो.

"ओरडू नका," साहेब म्हणाले. "आमची मंडळी आहे. लग्नानंतर लगेच तापात कान गेले तिचे. भिंगारला शिवणवर्गात शिकवते. बस नुसती दिसली असती ना, तरी तिला एकटीला जाता आलं असतं. मी काय जन्मभर पुरणार आहे?"

एका हाताने बस थांबवून ते थांब्यापुढे गेले आणि उजवा हात आडवा केला. बाई उठल्या आणि त्या हाताकडे बघत त्यांच्यामागून चालू लागल्या. बायकांनी नवऱ्याच्या मागून चालायचं, अशी तेव्हाची रीत. मागे हाक मारून उपयोग नाही, म्हणून हा हात. इतक्या वर्षांची सवय, कचेरीतही सुटेना. मला रडूच आलं. चहा सांडला म्हणून याच हातावर मी दिवसभर फुगून बसलो होतो.

रविवारी गवंड्याला गाठून त्या भिंतीला खिडकी पाडायला सांगितली.

"आन् हद्दीचं काय?" त्याने विचारलं.

"खिडकी म्हणजे नुसती हवा. तिला रंग द्यायला अजून मला कुणी सांगितलेलं नाही." नोकरीत सुचलेली माझी ही पहिली योजना.

सोमवारी बाई खिडकीपाशी बसल्या. बस दिसताच साहेबांनी एका हाताने ती थांबवली आणि उजवा हात आडवा केला. पण बाई आधीच उठल्या होत्या. पदर सावरत त्या हाताशेजारून झपाझप पुढे गेल्या, बसमध्ये चढल्या आणि आतून साहेबांकडे बघून हसल्या. बस गेली तरी साहेबांचा हात तसाच होता.

"झालं की हो काम, पदवीधर," ते म्हणाले. आवाज खुशीचाच होता, पण थोडा चिरका.

आम्ही कचेरीकडे निघालो. मी सायकल हातात धरून मागे राहिलो. वळणावर त्यांचा हात बाहेर आला. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे मीच होतो. मी मुकाट्याने त्या हाताकडे बघत वळलो.