पट्टे काढून ठेवा

फवारा मारला की नाही, हेच गुणाजींना आठवेना.

मारला असावा, कारण बाटली हातात होती आणि झाकण काढलेलं होतं. पण झाकण काढून आपण विचारात पडलो असू, हेही शक्य होतं. गुणाजींच्या बाबतीत तर फारच शक्य होतं. पेणला शाळेच्या ग्रंथालयात सारी नोकरी काढलेला हा माणूस कुलूप लावून जिना उतरायचा आणि कुलूप लागलं का ते पाहायला पुन्हा जिना चढायचा. त्यांनी मनगट नाकाशी नेलं. वास येत होता, पण तो कालचाही असू शकेल. म्हणून त्यांनी एक फवारा मारला. मग सदरा बदलला, आणि मघाचा फवारा जुन्या सदऱ्यावर गेला असणार म्हणून आणखी एक मारला. मग उपरणं राहिलं असं वाटलं.

खाली ड्रायव्हर जगनची इको गाडी हॉर्न वाजवत होती. रामवाडीतल्या गल्लीत सगळ्यांना कळलं होतं की गुणाजींकडची मंडळी साखरपुड्याला निघाली आहेत आणि गुणाजींमुळे निघालेली नाहीत.

"अहो, ते अत्तर नका लावू हो आज," गिरजाबाई जिन्याखालून ओरडल्या.

"नाही लावत," गुणाजी म्हणाले आणि बाटली खिशात टाकली.

ही बाटली त्यांना नातीने दिली होती. वैशाली डोलवीला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात कामाला होती. पनवेलच्या एका दुकानात तिने हा वास घेतला आणि आजोबांसाठी बाटली घेऊन आली. म्हणाली, हा अगदी तुमच्यासारखा आहे. गुणाजींना आधी जरा अपमान वाटला. बाटलीवर स्वेड असा शब्द होता. त्यांनी शब्दकोश काढून पाहिला, तर आतली बाजू घासून मऊ केलेलं कातडं असा अर्थ निघाला. या वयात आपण कातड्याचा वास लावायचा? पण एकदा दार लावून घेऊन त्यांनी तो लावून पाहिला, आणि मग त्यांचं काही चाललं नाही. नव्या बुटांचा उग्र दर्प त्यात नव्हता. फार हाताळलेल्या, कातडी बांधणीच्या पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवावं तसा तो वास होता, उबदार, किंचित धुळकट आणि सायीसारखा मऊ. कुणीतरी काही न बोलता शेजारी येऊन बसल्यासारखं वाटायचं. चारचौघांत गेलं की गुणाजींच्या घशात गोळा यायचा. मनगट नाकाशी नेलं की तो खाली उतरायचा.

आज तर त्या गोळ्याने सकाळपासून ठाण मांडलं होतं. रोह्याला वैशालीचा साखरपुडा होता आणि घरातले वडीलधारे म्हणून गुणाजींना तिथे चार शब्द बोलायचे होते. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण मुलाची आजी धोंडुबाई यांचा होकार अजून यायचा होता. बाकी सगळ्यांचा आला होता. धोंडुबाईंनी मात्र "साखरपुड्याला बघू" असा निरोप धाडला होता, आणि आधीची एक सोयरीक त्यांनी चहा कोमट होता म्हणून मोडली, असं ऐकण्यात होतं. वैशालीने जितेशला स्वतः पसंत केलं होतं. गाडीत बसताना ती आजोबांना हळूच म्हणाली, "आज सगळं नीट होऊ दे, एवढंच."

गडबच्या पुढे जगन नाक ओढायला लागला.

"काका, नवीन सीटकव्हर टाकल्यासारखा वास येतोय ना?"

"टाकलीस का?"

"नाय ना. म्हणूनच इचारतो."

गुणाजींनी काच खाली केली आणि रोहा येईपर्यंत हात बाहेर धरून ठेवला.

सभागृहात सगळी तयारी होती. गुरुजींना पुढे कोलाडला दुसरं कार्य होतं, त्यामुळे ते आल्यापासूनच निघण्याच्या घाईत होते. समोर मधल्या खुर्चीत धोंडुबाई बसल्या होत्या. त्या लहानखुऱ्या होत्या, पांढरेशुभ्र केस, काठाचं लुगडं, आणि चेहऱ्याच्या मानाने नाक मोठं. गुणाजी नातीच्या पाठीमागे जाऊन बसले. गुरुजींनी सुपारी मांडली, आणि धोंडुबाईंनी नाक वर केलं.

"चामड्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "कुठनं येतोय?"

एवढंच म्हणाल्या. पण गुरुजींचा हात थांबला. पूजेच्या जागी चामडं नको, कुणाचे पट्टे, पाकिटं असतील ती काढून बाहेर ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

सांगून टाकण्याची वेळ होती ती हीच. गुणाजींनी तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात मुलाचे मामा, मिथुनराव, यांनी उभं राहून खळकन पट्टा सोडला. आपल्यापायी ज्याने चारचौघांत पट्टा सोडला त्याला आता काय सांगायचं, या विचारात गुणाजी पडले. तोवर आणखी पुरुष उठले होते. पट्ट्यांचा आणि पाकिटांचा ढीग एका पाटीत भरून व्हरांड्यात गेला आणि त्याच्या राखणीला जगनला बसवण्यात आलं. जितेशचा सूट भाड्याचा होता. पट्टा गेल्यावर पँटची कमर किती सैल आहे ते त्याला कळलं, आणि त्याने डाव्या हाताने ती जी धरली ती धरलीच.

वास काही गेला नाही. धोंडुबाई मान वळवून वळवून हुंगत होत्या. मग घड्याळांचे पट्टे गेले. त्यात गुरुजींचंही घड्याळ गेलं. पोरांनी गाण्यांसाठी आणलेली ढोलकी गेली. वैशालीची मामी मृणाली हिच्याकडे एक पर्स होती. ती अस्सल लेदरची असून दुबईहून आली आहे, हे पेणपासून इथपर्यंत गाडीतल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. कुणी काही म्हणायच्या आत ती मोठ्या अभिमानाने उठली.

"माझी प्युअर लेदर आहे. मीच ठेवते बाहेर."

धोंडुबाईंनी हात पुढे केला, पर्स घेतली, नाकाशी धरली आणि परत दिली.

"ठेव गो आत. रेक्झीन हाय."

त्यानंतर मृणाली मामी कुणाशी बोलली नाही. मिथुनराव तेवढे हसले. मग धोंडुबाईंनी त्यांचा फॉरेनचा पट्टा पाटीतून मागवून घेतला, हुंगला, "ह्यो पन नाय," म्हणाल्या, आणि मिथुनरावांचंही हसू गेलं.

गुणाजींना आता घाम फुटला होता, आणि घामाने तो वास आणखी खुलत होता. आपण लावलेल्या वासाचा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना संताप आला. इतक्या माणसांच्या इतक्या वस्तू बाहेर गेल्या. आता उठून सांगावं तर त्या सगळ्यांचा हिशोब आपल्याच अंगावर येणार. आणि जितका उशीर होत होता तितका तो वाढत होता.

हळदीकुंकवाचं ताट घेऊन जाणाऱ्या गिरजाबाई त्यांच्याजवळ थांबल्या. वाकल्या. पुन्हा सरळ झाल्या.

"किती मारलंत?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"आठवत नाही."

"उठा. बाहेर जाऊन बसा. आणि तोंड उघडू नका. उघडलंत तर पोरीचं जमलेलं मोडेल."

गुणाजी बाहेर जाऊन जगनशेजारी बसले. आत लगेच मंत्र सुरू झाले, आणि गुरुजींनी गेलेला वेळ असा भरून काढला की देवांचीही धावपळ झाली असेल. जगनने पाटीकडे बोट दाखवलं.

"बघा काका. चामडं भाएर काढलं, वास भाएर आला."

या युक्तिवादात गुणाजींना कुठेही फट सापडेना. ते नळावर गेले, साबणाने मनगटं चोळली, मान चोळली, उपरणं पिळून वाळत टाकलं. वास ओला झाला, एवढाच काय तो फरक पडला. तेवढ्यात त्यांचा मुलगा, वैशालीचा बाप काळुराम, धावत आला. अंगठ्या घालायच्या आहेत, मुलीचे आजोबा कुठे गेले म्हणून सगळे शोधताहेत, असं म्हणत त्याने त्यांना दंडाला धरून आत नेलं.

आत वेगळाच पेच होता. जितेशच्या डाव्या हातात पँट होती आणि उजव्या हातात वैशालीची अंगठी. वैशाली त्याची अंगठी घेऊन उभी होती, पण घालायला मोकळं बोट नव्हतं. शेवटी मिथुनराव मदतीला आले. एका हाताने स्वतःची आणि दुसऱ्या हाताने भाच्याची पँट धरून ते मागे उभे राहिले. फोटोग्राफर म्हणाला, मामांना जरा बाजूला घ्या. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कॅमेराच खाली केला. जितेशने अंगठी पुढे केली.

"थांबा," धोंडुबाई म्हणाल्या.

गुरुजींनी मनगटाकडे पाहिलं. तिथे घड्याळ नव्हतं.

"परत आला वास," म्हणत धोंडुबाई उठल्या आणि काठी टेकत एकेका माणसापुढे थांबून हुंगत निघाल्या. वैशाली अंगठी धरून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी साठलेलं गुणाजींना दिसलं. सवयीने त्यांनी मनगट उचललं, आणि आपण काय करतो आहोत ते लक्षात येऊन खाली घेतलं.

"तो वास माझा आहे," ते म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांना ते बंद करता येईना.

"ते चामडं नाही. चामड्यासारखं आहे. म्हणजे कातडं आतल्या बाजूने घासतात, तो शब्द मी कोशात पाहिला. बाटलीत प्रत्यक्ष कातडं नसावं असं मला वाटतं. तशी खात्री नाही. पण चूक माझी आहे, पोरीचा काही दोष नाही. तिला यातलं काही माहीत नाही. म्हणजे बाटली तिनेच दिली, पण फवारे मी मारले."

गिरजाबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला. धोंडुबाई गुणाजींपुढे येऊन थांबल्या. त्यांनी गुणाजींची बाही धरली, नाकाशी नेली आणि बराच वेळ सोडली नाही.

"मघापासनं बोलला का नाय?"

"पूजेत चामडं चालत नाही म्हणून तुम्ही..."

"मी कवा म्हनले चालत नाय? मी इचारलं, कुठनं येतोय. तवापासनं ज्याला म्हनून वास येईल ते उचलून भाएर नेताय तुमी सगले. मानसाला नीट हुंगू तरी द्याल का नाय?"

गुरुजी सुपारी नीट लावू लागले. मिथुनरावांनी दोन्ही पँटींवरची पकड बदलली. धोंडुबाई बाही धरूनच बोलत होत्या. त्यांच्या घरच्या बैलाच्या गळ्यात घुंगरांचा चामडी पट्टा असायचा. तेल लावून लावून तो असा मऊ झाला होता की पोराच्या गालाला लावावा. बैल विकला तेव्हा त्यांनी पट्टा ठेवून घेतला आणि दाराआड खुंटीला अडकवला. डोकं दुखलं, कुणाशी वाजलं, झोप आली नाही, की त्या दाराआड जाऊन तो हुंगायच्या. मग गेल्या दिवाळीच्या साफसफाईत सुनेने तो भंगारवाल्याला दिला. जितेशची आई इतका वेळ हॉलच्या पंख्याकडे पाहत होती. ती पाहतच राहिली.

"व्याही, तुमी हिथं बसा," धोंडुबाई म्हणाल्या, आणि गुणाजींना आपल्या शेजारच्या खुर्चीवर, वारा येत होता त्या बाजूला बसवून घेतलं. "आनि घाला गो त्या अंगठ्या. उभी काय रायलीस? माजा होकार हाय."

अंगठ्या घातल्या गेल्या. जगनने पाटी आत आणली. पट्टे एकमेकांत असे गुंतले होते की कुणाचा कुणाला गेला ते कळलं नाही, आणि गुरुजी दुसऱ्याच कुणाचं तरी घड्याळ बांधून कोलाडला रवाना झाले. पेढे वाटून झाले, पानं उठली. निघायच्या वेळी काळुराम धोंडुबाईंपुढे हात जोडून उभा राहिला. तुमच्याकडून काहीच मागणं आलं नाही, मनात काही असेल तर सांगा, असं तो म्हणाला. असं विचारायची रीत असते आणि काही नको म्हणायची रीत असते.

"ती बाटली द्या," धोंडुबाई म्हणाल्या.

एवढंच ना, म्हणून काळुराम हसला. गिरजाबाईंनी तर त्या बाटलीपासून सुटका होणार म्हणून नवऱ्याच्या खिशाकडे हातही नेला. सगळे गुणाजींकडे पाहू लागले. गुणाजी जन्मात कुणाला नाही म्हणाले नव्हते. त्यांनी माणसांना पुस्तकं दिली आणि परत मागितली नव्हती. एसटीत मिळालेली खिडकी दिली होती. भावाने मागितली तेव्हा आमराईतली आपली कलमं दिली होती. आताही तोंडातून "घ्या" निघायला हवं होतं. ते त्यासाठीच उघडलं होतं. गुणाजींनी खिशावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"अर्धी," ते म्हणाले.

काळुरामचे जोडलेले हात सुटले. गिरजाबाईंना जवळची खुर्ची धरावी लागली. वैशालीने डोळे मिटून घेतले. बांधापलीकडे नवा शेजारी आला की जाणता शेतकरी त्याच्याकडे पाहतो, तसं धोंडुबाईंनी या व्याह्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चालंल," त्या म्हणाल्या. "पन वाटनी माज्यासमोर व्हायला पायजे."