उरलेल्या पावाचं आंदोलन

वजनमापे कार्यालयाच्या उपाहारगृहात जेवणारा माणूस सुखी आहे की दुःखी, हे त्याला कोणी विचारत नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो, असा वरिष्ठांचा अनुभव आहे. म्हणून जेवण झालं की प्रत्येकाने आपलं ताट खिडकीतल्या काट्यावर ठेवायचं. ताटात जितकं अन्न उरेल तितका कर्मचारी असमाधानी, असं धरलं जातं. ही पद्धत सुरू झाल्यापासून कार्यालयातलं समाधान इतकं वाढलं की निम्म्या लोकांना नवे पट्टे घ्यावे लागले.

या समाधानात सगळ्यांत मोठा वाटा क्विंटलरावांचा. ते निरीक्षक होते. दुकानोदुकानी फिरून तराजू आणि मापं तपासणं हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव वेगळं होतं. पण एकदा एका गोदामातला मोठा काटा तपासायला वजनं कमी पडली, तेव्हा ते स्वतःच त्यावर उभे राहिले, आणि पुढची तपासणी करायची गरज कोणालाच वाटली नाही. तेव्हापासून ते क्विंटलराव.

पुढे पुढे मात्र काम जमेना. दुकानाच्या चार पायऱ्या चढल्या की बसायला स्टूल मागावं लागे, आणि ज्याच्या स्टुलावर बसून घाम पुसला त्याच्यावरच खटला भरणं जिवावर येई. तेही चाललं असतं. पण धाकटी मुलगी सायकल शिकत होती आणि तिच्यामागे त्यांना धावता येईना. तिने सायकल थांबवून "बाबा, तुम्ही बसा, मी पडते एकटी" असं म्हटलं, त्या दिवशी ते खरोखर घाबरले. डॉक्टर गाठले, शस्त्रक्रिया करून घेतली आणि एवढ्या मोठ्या पोटातलं अंड्याएवढं पोट वापरासाठी राहिलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "आधी अंडं, मासा, डाळ, जे काही प्रथिन असेल ते. मग भाजी. त्यानंतर जागा राहिलीच तर पाव, भात किंवा बटाटा, तेही दोन घास. साखर तर विसराच. गोड पदार्थ तुमच्या पोटात थांबणार नाही, थेट आतड्यात उतरेल. छाती धडधडेल, घाम फुटेल, आडवं पडावं लागेल."

"आणि पाव थोडा जास्त झाला तर?"

"आज काही होणार नाही. उद्याही नाही. हळूहळू परत होतात तेवढे व्हाल, आणि मग मुलीच्या सायकलमागे मला धावावं लागेल."

"ते पाळतील," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "मी आहे ना."

घरात ती होती. कार्यालयात नव्हती. रजा संपवून क्विंटलराव कामावर आले आणि दुपारी उपाहारगृहात बसले. प्रमाणित ताट समोर आलं. दोन पाव, भाताचा ढीग, उकडलेले बटाटे, थोडी भाजी आणि कोपऱ्यात एक अंडं. त्यांनी अंडं सावकाश चावून खाल्लं, भाजी संपवली, पावाचा एक तुकडा मोडला आणि पोट भरलं. ताट काट्यावर ठेवलं तेव्हा काट्याचा लाल दिवा लागला. तो दिवा लागतो हे कार्यालयात कोणाला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उपाहारगृहाचा व्यवस्थापक हात पुसत आला. "साहेब, काय चुकलं आमचं?"

"काही नाही. मला फक्त पाव-भात कमी वाढा आणि एक अंडं जास्त द्या."

व्यवस्थापकाने कानांवर हात ठेवले. "कमी वाढू? या कार्यालयात? आधीचा ठेकेदार पाव हलका देतो म्हणून त्याच्यावर खटला कोणी भरला?"

"मी."

"मग? मी हलकं ताट दिलं तर माझ्यावर कोण भरणार?"

क्विंटलरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मीच," ते म्हणाले.

त्यांनी शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला आपला भात द्यायला सुरुवात केली. पण शेजाऱ्याचं ताट रिकाम्याहून रिकामं होणं शक्य नव्हतं, आणि तो मात्र फुगत चालला. हा समाधानाचा बेकायदा व्यवहार असल्याचं वरिष्ठांनी कळवलं आणि क्विंटलरावांना भिंतीकडे तोंड करून एकटं बसवण्यात आलं. डबा आणावा म्हटलं, तर बाहेरचं न मोजलेलं अन्न इमारतीत आणायला बंदी होती. लाल दिवा रोज लागत राहिला. अखेर त्यांना मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

मोठे साहेब भले गृहस्थ होते, पण नियमांपुढे त्यांचं चालत नसे आणि नियमांशिवाय त्यांचं पान हलत नसे. त्यांनी क्विंटलरावांना बसवून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आंदोलनाला बसताना आधी सांगायची पद्धत आहे."

"कसलं आंदोलन, साहेब?"

"सलग इतके दिवस पाव-भात नाकारणं म्हणजे अघोषित अन्नत्याग. नियमच आहे तसा. तुमच्या मागण्या काय आहेत?"

"मागणी काही नाही. मला पोटच नाही."

"मग आजवर जेवत कसे होता?"

"आजवर होतं. आता अंड्याएवढं केलंय. डॉक्टरांचं पत्र आणलंय." त्यांनी पत्र पुढे ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे तुमची क्षमता बदलली आहे. निरीक्षकसाहेब, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? क्षमता बदललेलं कोणतंही भांडं पुन्हा तपासून शिक्का मारल्याशिवाय वापरता येत नाही."

"साहेब, भांडं नाही, पोट आहे ते."

"नियमात पोटाचा अपवाद नाही. शिक्का मिळेपर्यंत तुमचं जुनंच माप ग्राह्य. आणि शिक्का मारायचा तर तो दिसेल अशा जागी मारावा लागतो, म्हणजे आतून." साहेबांनी उसासा टाकला. "मागण्या असलेलं आंदोलन बरं असतं हो. मागण्या फेटाळता तरी येतात. हे मिटवायचं कसं? आणि मिटेपर्यंत तुमचा पगार थांबवावा लागेल, ते मनावर घेऊ नका."

भिंतींना कान असतात आणि कर्मचारी संघटनेच्या सरचिटणीसांची खोली भिंतीपलीकडेच होती. दुपारपर्यंत क्विंटलरावांच्या गळ्यात हार पडला. सरचिटणीसांचा आवाज असा की त्यांनी कुजबुजलं तरी ठराव मांडल्यासारखं वाटे.

"आमच्यासाठी तुम्ही जिवाचं रान केलंत, आणि एका शब्दाने बोलला नाहीत," ते म्हणाले.

"अहो, मी माझ्यासाठी कमी खातोय."

"ऐकलंत?" सरचिटणीस जमलेल्यांकडे वळले. "असा विनय आजकाल पाहायला मिळतो का?"

सगळ्यांनी मान हलवली. मग ज्याला जे सुचलं ते मागितलं गेलं. मोडक्या खुर्च्या बदला, पंखे बसवा, वरच्या मजल्यावरचा नळ दुरुस्त करा. सहकाऱ्यांनी पाठिंबा म्हणून नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये काहीही न खाण्याची शपथ घेतली आणि ती बऱ्याच जणांनी पाळलीही. क्विंटलरावांचे गाल बसले होते, कपडे खांद्यावरून ओघळत होते. डॉक्टरांच्या हिशेबाने ती प्रकृती उत्तम होती. छायाचित्रात मात्र ती हृदयद्रावक दिसे.

घरी बायकोने हार काढून खुंटीला अडकवला. "शेजारच्या काकू डोळे पुसून गेल्या आत्ता. म्हणाल्या, त्यांना सांग, लेकराबाळांकडे बघून दोन घास खा. मी त्यांना म्हटलं, दोनच घास खायचे आहेत त्यांना, तेवढेच खाऊ देत नाहीत."

"पगार थांबलाय," क्विंटलराव म्हणाले.

"थांबू दे. तुम्ही पुन्हा फुगलात तर मला चालणार नाही. लेक आता वळणसुद्धा घेते सायकलवर. पुढच्या महिन्यात तुमच्याबरोबर शर्यत लावणार म्हणते."

क्विंटलरावांना खूप वर्षांनी शर्यतीची भीती वाटण्याऐवजी आनंद झाला होता.

तिकडे वरिष्ठांनी एका माणसाच्या निर्धारापुढे हात टेकले. इतका शांत आंदोलक त्यांनी पाहिला नव्हता. सगळ्या मागण्या मान्य झाल्या. खुर्च्या आल्या, पंखे आले, नळ तर मागणीपेक्षा जास्त वाहू लागला. अट एकच होती. आंदोलन संपल्याचा पुरावा म्हणून आंदोलकाने सर्वांसमोर पूर्ण ताट आणि त्यावर केक खावा, आणि ताट काट्यावर कोरं उतरावं. तोवर खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकचं वेष्टण कोणी काढू नये.

क्विंटलरावांनी नाही म्हटलं. मग एकेकजण त्यांच्याकडे येऊ लागला. कोणी ओरडलं नाही, कोणी धमकावलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, कारण ओरडणाऱ्याला परत ओरडता येतं.

"माझी पाठ बघताय ना," टंकलेखिका बाई म्हणाल्या. "मी त्या खुर्चीकडे नुसती पाहते रोज. एवढ्याशा केकने काय होतंय?"

"तुमच्यासाठी खास साखर कमी घातलीय," व्यवस्थापक म्हणाला. "म्हणजे लिहिलीय कमी. घालायची तेवढी घालावीच लागते. पण एक दिवसाने काय होतंय?"

"चाळीस माणसं तुमच्या एका घासाकडे डोळे लावून बसलीत," सरचिटणीस शक्य तितक्या हळू म्हणाले, आणि ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

मोठे साहेब शेवटी आले. "पूर्ण ताटाचं मी पाहतो. भात-पाव भरपाईत धरून टाकू. तुम्ही फक्त केक खा आणि वर घोटभर सरबत घ्या. मी स्वतः भरवतो. माझा मान राहील, तुमचा पगार सुटेल. एवढ्याने काय होतंय?"

क्विंटलरावांनी आयुष्यभर गुळाच्या व्यापाऱ्यांना तोंड दिलं होतं, पण इतक्या गोड माणसांना एकदम कधीच दिलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. केक आत गेला, वरून सरबत गेलं, टाळ्या पडल्या. टाळ्या संपेपर्यंत त्यांना दरदरून घाम फुटला, छातीत घण बसू लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. "भावना अनावर झाल्यात," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःचे डोळे टिपले. क्विंटलराव एका नव्या खुर्चीत वेष्टणासकट कोसळले. ती खुर्ची टंकलेखिका बाईंची होती, त्यामुळे बाईंना धक्का जास्त बसला.

बायको आली तेव्हा ते त्याच खुर्चीत पांढरेफटक पडून होते. तिने आधी त्यांचा घाम पुसला आणि मग खोलीकडे पाहिलं.

"कोणी भरवलं?"

साहेब म्हणाले, आपण फक्त नियम पाळला. सरचिटणीस म्हणाले, आपण फक्त भावना पोचवल्या. व्यवस्थापक म्हणाला, केक तर अगदी लहान होता. टंकलेखिका बाई रडत होत्या, आणि उभ्याने रडत होत्या.

"वहिनी, तुम्ही दमून आलात," साहेब म्हणाले. "थोडा केक उरलाय."

तिने नवऱ्याला उठवलं, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि घरी नेलं. त्या महिन्यात शर्यत झाली नाही.

कार्यालय निर्दय नाही. रीतसर चौकशी समिती नेमली गेली आणि तिने प्रत्येकाची साक्ष घेतली. निष्कर्ष असा निघाला की क्विंटलरावांवर कार्यालयातल्या कोणीही सक्ती केलेली नाही. सगळ्यांनी मिळून एकच वाक्य म्हटलं होतं, "एवढ्याने काय होतंय," आणि ते कोणाचंही स्वतःचं नव्हतं. प्रत्येकाने ते बाहेरून, घरून, शेजारून, कुठल्यातरी जेवणाच्या वेळी ऐकून आत आणलं होतं. त्यामुळे आता चौकशी बाहेर सुरू झाली आहे. ज्यांनी गेल्या वर्षभरात नको म्हणणाऱ्या कोणाच्याही ताटात हे वाक्य म्हणत काही वाढलं, त्या सर्वांनी साक्षीला यायचं आहे. रांग कार्यालयाच्या फाटकातून निघून कोपऱ्यावरून वळली आहे, आणि तुमच्या दारासमोर जो माणूस पाठमोरा उभा आहे, त्याच्या मागची जागा तुमच्यासाठी रिकामी ठेवलेली आहे.