तांबड्या अक्षरांची बखर

श्रीगजवदनास नमन, वाग्देवीस नमन, आणि वाचणाराचे धीरासही नमन, कारण पुढील वर्तमान सुखाचे नाही. शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सर, आश्विन मास, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही. राज्यात एक नदी, नदीवर धरण, धरणापासून चाळीस कोस पाट आणि पाटास पाच लोखंडी दारे. पाचव्या दारापलीकडे शेवटाकडील अकरा गावे, त्यांच्या विहिरी खाऱ्या, म्हणोन पिण्याचे पाणीही पाटाचेच. पूर्वी पाटकरी लोक हाताने चक्र फिरवून दारे उघडीत आणि पाळीपाळीने गावोगाव पाणी देत. मग महाराजांचे मनात आले की आपले राज्य पुढारलेले दिसावे, म्हणोन समुद्रापारहून संगणक नामे यंत्र आणविले आणि दारांची चक्रे काढून वितळविली आणि पाचही दारे यंत्राचे हुकमात दिली. यंत्रास जे लिहून द्यावे ते यंत्र करी. त्या लिहिण्यास परदेशी कारागीर प्रोग्राम म्हणत, दरबारी मंडळी आज्ञापत्र म्हणू लागली. कारागिरांनी एक आज्ञापत्र चालते करून दिले, बारा अध्यायांची पोथी दिली, पोटभर जेवले, विडे घेतले आणि गेले.

मग महाराजांनी यंत्रपाठशाळा स्थापिली आणि तीवर नारोशास्त्री महापंडित यांस नेमिले. शास्त्रीबोवा थोर विद्वान, पोथी शेवटाकडून आरंभाकडे म्हणोन दाखवीत. त्यांनी नियम केला की बारा अध्याय मुखोद्गत जाहल्यावाचून कोणी यंत्रास हात लावू नये, अज्ञ हाताने यंत्र बिघडते. सबब यंत्रावर जांभळे मखमली आच्छादन घातले. विद्यार्थ्यांनी पायताण बाहेर काढून दुरून दर्शन घ्यावे, खंडेनवमीस हळदकुंकू वाहावे, आणि एरवी आज्ञापत्रे कागदावर लिहावी. खाली ‘यंत्र असे उत्तर देते’ म्हणोन उत्तरही विद्यार्थ्यानेच लिहावे, आणि शास्त्रीबोवांनी ते पाहून ‘बरोबर’ असा शेरा मारावा. यंत्र खरोखर काय उत्तर देते हे यंत्रास कोणी विचारले नाही. एका अध्यायास एक वर्ष लागे, आणि बारा वर्षांत विद्यार्थ्याचा उत्साह व केस दोन्ही विरळ होत.

त्या पाठशाळेत सगुणाबाई पारसनीस दाखल जाहल्या. वय सतरा, राहणार शेवटाकडील आडसावळी गाव, वडील वारलेले, घरी एक आई. एकदा ऐकले की कायमचे ध्यानी राही अशी बाईंची बुद्धी. आई गावात सर्वांस सांगे, “आमची सगुणा पाटावरची मोठी अधिकारी होणार. मग पाण्याची काळजी करायची नाही कुणी.” बाई तीन महिन्यांत शास्त्रीबोवांच्या आवडत्या जाहल्या. त्यांचे कागदावर ‘बरोबर’ याखेरीज शेरा कधी पडला नाही, आणि हाच त्यांचा मोठेपणा आणि पुढे हाच त्यांचा घात.

त्याच वर्षी रायाजी पाटकरी म्हणोन एक विद्यार्थी आला. त्याचे बापाचे चक्र वितळले होते, म्हणोन दरबाराने उपकारादाखल ही जागा दिली. पाठांतरात अगदी बेतास बात, दुसऱ्या अध्यायातच अडखळे. परंतु पाठशाळेचे मागे कोठीत कारागिरांनी टाकून दिलेले एक लहान मोडके यंत्र होते, ते त्याने दुरुस्त केले आणि दुपारी मंडळी वामकुक्षीस गेली की त्यावर बसू लागला. एके दिवशी सगुणाबाई दोरा शोधीत कोठीत गेल्या आणि पाहतात तो पडद्यावर तांबडी अक्षरे. बाईंनी जन्मात तांबडे अक्षर पाहिले नव्हते.

“अहो, हे काय केलंत? बिघडवलंत की!”

“बिघडलं न्हाई बाईसाहेब. हे दिसातनं शंभरदा हुतंय.”

“पण पोथीत असं कुठंच नाही.”

“पोथीत कसं आसंल? लिहिणाऱ्यानं समदं खोडून खोडून मग पोथी केली. बसा की, तुमी बी एक वळ लिवा. काय वाटंल ती.”

बाई बसल्या आणि कळेवर बोट ठेविले आणि उचलिले. बखरीत खोटे कशास लिहावे, बाईंस भय वाटले. ज्यांचे कधी चुकले नाही त्यांस चुकण्याची सवयच नसते, आणि एका पाटकऱ्याचे देखत चुकणे तर नकोच. मग दोरा न घेताच परत गेल्या आणि दुसरा अध्याय म्हणत बसल्या.

पुढे शके एकोणीसशे तेहतीस सालात दुसरे दार अर्धा दिवस अडकले. दारात बाभळीचे खोड अडकले होते हे मागाहून कळले, पण तोवर शास्त्रीबोवांनी सभा भरविली की कोणा अज्ञ हाताने यंत्र विटाळले आहे. संशय पाटकऱ्याचे पोरावर गेला, आणि बाईंस विचारिले, “रायाजीस यंत्रावर हात ठेवताना तुम्ही पाहिले काय?” बाई म्हणाल्या, “पाहिले.” ते यंत्र थोरले नव्हे, कोठीतले मोडके होते, हे बाईंस ठाऊक होते. परंतु तेवढे कोणी विचारिले नाही, आणि विचारिले तेवढ्याचेच उत्तर द्यावे अशी पाठशाळेची शिस्त. मग हुकूम जाहला की रायाजी पाटकरी याचा हात राज्यातील कोणत्याही यंत्रास लागू नये आणि पाऊल सीमेत पडू नये. जाताना तो वेशीपाशी थांबला आणि म्हणाला, “तेवढंच इचारलं म्हणून तेवढंच सांगितलं, व्हय बाईसाहेब?”

शके एकोणीसशे त्रेचाळीस सालात बाईंचे बारा अध्याय पुरे जाहले. यंत्रवाचस्पती ही पदवी मिळाली, शालजोडी मिळाली, आणि समारंभात यंत्रावरील आच्छादन घटकाभर बाजूस करून बाईंनी त्यावर अक्षता टाकिल्या. आडसावळीस आईने गावभर साखर वाटिली.

मग शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास. एका मातबर सरदारांनी आपले उसास पाणी कमी पडते म्हणोन तिसऱ्या व चौथ्या दाराचे मध्ये एक नवे दार बसविले. दरबारात वजन मोठे, कोणी हूं की चूं केले नाही. दार बसविले आणि दुसरे दिवशी सकाळी यंत्र थांबले. नव्या दाराखालील सर्व दारे बंद पडली. हाताने उघडावी तर चक्रे नाहीत, तोडावी तर पाट फुटण्याचे भय, आणि शेवटाकडील अकरा गावांस पिण्याचे पाणी चार दिवसांचे. मग बाईंस पाचारण जाहले. बाई स्नान करून आल्या आणि जन्मात प्रथम थोरल्या यंत्राचे कळांवर बोटे ठेविली आणि सातव्या अध्यायातील आज्ञापत्र अक्षरशः बरोबर लिहिले. यंत्राने तांबडी अक्षरे दाखविली.

दरबारात एकच हाहाकार उडाला. शास्त्रीबोवा ओरडले, “झाका, झाका! यंत्राचा कोप आहे, पाहू नका!” मग आच्छादन घालून शांतिपाठ जाहला आणि बाईंस पुन्हा लिहिण्याची आज्ञा जाहली. बाईंनी तेच पुन्हा लिहिले. पुन्हा तांबडे, पुन्हा झाकले. बाईंचे मनात आले की आपलेच पाठांतरात खोट असावी, म्हणोन रात्रंदिवस अध्याय घोकू लागल्या आणि दररोज सकाळी तेच आज्ञापत्र तसेच्या तसे लिहू लागल्या. पोथी चुकणे शक्य नव्हते आणि बाई पोथीस सोडणे शक्य नव्हते. येणेप्रमाणे पाच दिवस गेले. मग बाईंनी मनाचा हिय्या केला आणि रायाजीस परराज्यात पत्र लिहिले. तो आला, तीन दिवस सीमेवरील चौकीत बसला, आणि चौकीदारांनी जुना हुकूम वाचून दाखवून त्यास परत लाविले. हुकूम मागे घ्यावा म्हणोन बाईंनी शास्त्रीबोवांचे पाय धरिले. शास्त्रीबोवा म्हणाले, “लिहिलेलं मोडायचं म्हटलं तर मग पोथीचं तरी काय राहिलं?” रायाजीने चौकीवरून निरोप धाडिला तो इतकाच: “म्या आत आलो तर बाईसाहेबास्नी पुन्यांदा साक्ष द्यावी लागंल. जातो.”

अकरावे दिवशी आडसावळीहून गाडीवान आला. गावे रिकामी होऊ लागली होती, माणसे डोईवर हंडे घेऊन नदीकडे चालली होती. बाईंनी विचारिले, “आणि आई?”

“न्हाई निघत. म्हनत्यात, सगुणा यंत्रापाशी हाय, पानी आज ईल. रोज त्येच म्हनत्यात.”

बाराव्या दिवशी सकाळी बाईंनी आज्ञापत्र लिहिले, तांबडी अक्षरे आली, आणि शास्त्रीबोवा आच्छादन घेऊन पुढे होताच बाईंनी ते त्यांचे हातून ओढून घेतले आणि खाली टाकिले आणि तांबडी अक्षरे वाचिली. बारा दिवसांत ती कोणीही वाचिली नव्हती. अक्षरे सरळ होती. लिहिले होते की सतराव्या ओळीत दारे पाच म्हटली आहेत, मोजता सहा भरतात. कोप नव्हता, काही नव्हते. यंत्र बारा दिवस एकच गोष्ट सांगत होते आणि दरबार त्यास झाकीत होता.

मग बाईंनी पाचाचे सहा केले. यंत्राने पुन्हा तांबडे दाखविले, परंतु आता एकविसाव्या ओळीचे. बाईंनी ती बदलली. पुन्हा तांबडे. काही जागी बदल केला तो आधीपेक्षा वाईट जाहला, तेव्हा तो मोडून दुसरा केला, आणि जसजसे हात चालू लागले तसतसे बारा वर्षांचे पाठांतर प्रथमच अर्थासकट आठवू लागले. कोणती आज्ञा कशासाठी आहे हे बाईंइतके राज्यात कोणास ठाऊक होते? परंतु ते ठाऊक असण्याचा उपयोग आजवर पडला नव्हता. दरबारी मंडळी कानांवर हात ठेवून बसली. शास्त्रीबोवा कळवळून म्हणाले, “बाई, अहो तुम्ही चुकता आहात, सर्वांदेखत!”

“होय शास्त्रीबोवा. एकतीस वेळा चुकले. अकरा दिवस एकदाही चुकले नाही, ते महागात पडलं.”

तेराव्या दिवशी दोन प्रहरी दारे उघडली. बाई कोणाची आज्ञा न घेता घोडीवर बसल्या आणि पाण्याचे बरोबरीने पाटाचे कडेने निघाल्या. कोरडा पाट पाणी पिऊन घेई, म्हणोन पाणी सावकाश चाले, आणि बाई घोडी थांबवीत आणि पुन्हा चालवीत. दोन दिवसांनी आडसावळीस पोहोचल्या. गावात दारे लावलेली, कुत्रीही नव्हती. एक म्हातारे जोडपे मात्र मागे राहिले होते, त्यांनी आईस ओसरीवर निजविले होते आणि वर लुगडे घातले होते. म्हातारी म्हणाली, “काल सकाळी गेल्या गं पोरी. पाटाकडं तोंड करून बसल्या हुत्या.” तेवढ्यात घरामागून पाणी आल्याचा आवाज जाहला. बाई पाटात उतरल्या आणि ओंजळ भरून आणिली आणि आईचे ओठांस लाविली आणि तेथेच हंबरडा फोडिला. गावात ऐकण्यास त्या जोडप्याखेरीज कोणी नव्हते.

क्रियाकर्म आटोपून बाई दरबारात परत आल्या तो सत्काराची तयारी जाहली होती. महाराज प्रसन्न, शास्त्रीबोवाही मोठ्या मनाचे, त्यांनी जाहीर केले की बाईंचे नवे आज्ञापत्र पोथीस तेरावा अध्याय म्हणोन जोडावे. बाईंनी हात जोडिले आणि म्हणाल्या, “मग त्या एकतीस चुकाही जोडा. कोणती कुठे झाली आणि काय शिकवून गेली, सगळ्या. आणि नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी यंत्रावर बसवा.” शास्त्रीबोवा हसले. “चुका पोथीत घातल्या तर पोरं चुका पाठ करतील, बाई. दुःखात आहात, विश्रांती घ्या.” महाराज म्हणाले, “विचार करू.” विचार अद्याप चालू आहे.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. पाठशाळेत हल्ली तेरा वर्षे शिकवितात. सगुणाबाई तेरावा अध्याय ऐकण्याचे जागी नेमिल्या आहेत, रोज सकाळी चाळीस विद्यार्थी एका सुरात ‘दारे सहा, दारे सहा’ म्हणतात, कोणी एकदाही चुकत नाही, आणि बाई ऐकत बसतात. सरदारांचे उसास पाणी पुन्हा कमी पडू लागले आहे, आणि चौथ्या दाराखाली सातव्याचे खोदकाम चालू आहे. पाहिले तैसे लिहिले. बहुत काय लिहावे.