जांभळीवरची गर्दी

गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उठलं, की पंचवटीतले पैठणीवाले कारभारीशेठ नोकराला धारेवर धरत. “काय बघितलं? कशावर हात फिरवला?” दोन हजार चार साली दुकानाची वेबसाइट झाली, तेव्हाही त्यांनी हाच हट्ट धरला. कोण आलं, कुठल्या साडीवर थांबलं, माउस कुठं कुठं फिरवला, सगळं साठलं पाहिजे! योगेशचं हे पहिलंच काम. तो बापडा “हो” म्हणून बसला.

आता तोच दुकानात येरझाऱ्या घालत होता. डेटाबेस मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला, सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा भरली आणि ऐन अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी वेबसाइट बंद पडली.

“शेठ, जुन्या नोंदी पुसतो. लगेच चालू होईल.”

“गिऱ्हाईक पुसायचं? डोकं ठिकाणावर हाय का? संध्याकाळपर्यंत चालू कर, नायतर मी दुसरा माणूस बघतो.”

योगेश कॉम्प्युटरपुढे बसला.

“अरे, नोंदीत त्या जांभळ्या पैठणीवर लय गर्दी दिसलीये,” शेठ म्हणाले. “येवल्याहून गठ्ठाच मागवलाय मी.” गठ्ठा दारात येऊन पडलाही होता.

एकाच माणसाच्या नोंदी एकत्र केल्या तर जागा होईल, म्हणून योगेश त्या निवडू लागला आणि मध्येच थांबला.

“शेठ, जांभळीवर गिऱ्हाईक एकच आहे. रोज दुपारी येतं, तासन् तास बसतं.”

“कोण? कुठलं?”

“तुमच्या वरच्या मजल्यावरचं. तिथला कॉम्प्युटर मीच बसवलाय.”

शेठनी छताकडे बघितलं. दुपारी वर एकट्या लताबाई असत. पैठणीवाल्याच्या बायकोला पैठणी कशाला, हे शेठचं लग्नापासूनचं ठरलेलं उत्तर. आज त्यांना त्याची लाज वाटली.

“अगं, खाली ये जरा!”

त्यांनी स्वतः गठ्ठा सोडला, गादीवर जांभळ्या पैठण्या पसरल्या. “घे. हवी ती घे.”

लताबाईंनी पदर उलटून बघितला, काठावर हात फिरवला, साडी उजेडात धरली.

“चांगलीये हो. पण रोज रोज बघून कंटाळा आला बाई हिचा. मोरपंखी आली की सांगा,” म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

शेठ त्या ढिगाकडे बघत बसले.

“पूस,” शेठ योगेशला म्हणाले. “सगळं पूस.”