बिनदाराची जीप आणि एका डोळ्याची आत्या

दारांशिवाय गाडी चालवणं हा गुन्हा नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. वाहतुकीचे नियम मी तळटिपांसकट वाचलेत. पट्टा हवा, दिवे हवेत, भोंगा हवा. दारांबद्दल मात्र चकार शब्द नाही. पदार्थविज्ञानात पदवी घेतलेल्या माणसाला जे लिहिलेलं नाही तेही वाचता येतं, असा मला तेव्हा भारी अभिमान होता.

म्हणून आत्याच्या जीपची चारही दारं गंज काढायला गॅरेजात गेलेली असताना मी छातीठोकपणे म्हटलं, "आत्या, चल. मी नेते तुला दवाखान्यात."

आत्या जनावरांची डॉक्टर होती. निवृत्त झाली, पण जीप काही तिनं निवृत्त केली नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि ती आज निघणार होती. दुसऱ्या कुठल्या वाहनात बसायला ती तयार नव्हती.

"पोलिसानं धरलं तर?" तिनं विचारलं.

"धरूच शकत नाही. नियमात नाही."

"तुझी उद्या मुलाखत आहे म्हणून विचारते."

तो विषय तिनं काढायला नको होता. माझं लायसन्स नवंकोरं होतं. नव्या लायसन्सवर पहिल्या वर्षात एक जरी नोंद झाली, तर ते जप्त. आणि उद्याची नोकरी पाणी तपासणाऱ्या खात्यातली, गाडी घेऊन गावोगावचे नमुने गोळा करायची. लायसन्स गेलं की नोकरी गेली. मी ती भीती नियमांखाली दाबून टाकली आणि किल्ली फिरवली.

गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मजा वाटली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पायाशेजारून डांबर सळसळत मागे जायला लागलं आणि मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एक कुत्रा माझ्याकडे बघत बाजूनं धावत होता. आमच्या दोघांत काहीही नव्हतं. मग डावं वळण आलं. वळणावर शरीर सरळ रेषेतच जाऊ पाहतं, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. आज ती सरळ रेषा जीपच्या बाहेर, एका टँकरच्या चाकाखाली जात होती. पट्टा छातीत रुतला म्हणून मी आत राहिले.

"मागून कोण येतंय बघून घे गं," आत्या म्हणाली.

मी सवयीनं उजवीकडे आरशात पाहिलं. तिथं नुसता वारा होता. आरसे दारांवर असतात. दारं गॅरेजात होती. आणि नियमात आरसा सक्तीचा आहे, ठळक अक्षरांत.

आतला आरसा होता, पण त्यात मागची ताडपत्री सोडून काही दिसत नव्हतं.

"आत्या, आपल्याला आरसा नाही."

"माझ्याकडे आहे की." तिनं पिशवीतून हातआरसा काढला. पट्टी निघाल्याबरोबर डोळा कसा दिसतो ते बघायला तिनं तो घेतला होता. आता तो तिनं हात लांबवून बाहेर धरला. "हं, दिसलं. मागे ट्रक आहे."

"जवळ आहे की लांब?"

"एका डोळ्यानं अंतर कळत नाही, हे तूच मला शिकवलंस ना? मोठा आहे एवढं सांगते."

"किती मोठा?"

"आता आणखी मोठा झाला."

मी रस्त्याच्या कडेला इतकी सरकले, की एका टपरीवाल्यानं आपली बरणी उचलून घेतली. ट्रक गेला. चौक आला. चौकातल्या हवालदारानं एकदम डोळ्यांवर हात घेतला, शिट्टी वाजवली आणि आम्हाला बाजूला बोलावलं.

"गप्प बस," आत्या पुटपुटली. "बिथरलेला बैल समोर आला की काही करायचं नसतं. उभं राहायचं, तो जातो."

पण हवालदार जवळ आला आणि माझा सगळा अभ्यास तोंडातून सांडायला लागला. "साहेब, दारांबद्दल नियमात काहीच नाही. मी सगळं वाचलंय. दार हा गाडीचा आवश्यक भाग धरलेला नाही. आरशाचं म्हणाल, तर तो सक्तीचा आहे, मान्य आहे, पण तो दारावर असल्यामुळे..."

हवालदारानं डोळे चोळले. मग पहिल्यांदाच जीपकडे नीट पाहिलं. एका बाजूनं पाहिलं, आरपार दुसऱ्या बाजूचं पानाचं दुकान पाहिलं.

"दारं कुठायत हिची?"

"तुम्ही... त्यासाठी नाही थांबवलं?"

"ताई, या बाईंच्या हातातल्या आरशाचा उजेड माझ्या डोळ्यांत मारतोय. तो जरा खाली धरा, एवढंच सांगायचं होतं."

आत्यानं तिचा एकुलता एक उघडा डोळा माझ्यावर रोखला. "गाडीला दारं नाहीत ते खपून गेलं असतं," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाला दार नाही, तिथं घात झाला."

हवालदारानं माझं लायसन्स घेतलं. त्याची तारीख पाहिली, माझं तोंड पाहिलं. मी रडत नव्हते, पण तयारी झाली होती. मुलाखतीचं आत्यानंच सांगितलं, अगदी थोडक्यात, एखाद्या गाभण म्हशीची हकिगत सांगावी तसं.

"जीप इथंच राहू दे," तो म्हणाला. "यांना चालत घेऊन जा, दवाखाना समोरच आहे. आरसे बसवा, मला दाखवा, लायसन्स घेऊन जा."

आत्याला दवाखान्यात सोडून मी गॅरेजात धावले. अर्धवट घासलेली दारं हमालगाडीवर घालून चौकात आणली. मेकॅनिकनं ती तिथंच बसवली. तोवर पट्टी काढून आलेली आत्या दोन्ही डोळे उघडे ठेवून शेजारी उभी राहून, कुठला स्क्रू ढिला राहिला ते सांगत होती. हवालदारानं दोन्ही आरसे हलवून पाहिले आणि लायसन्स माझ्या हातात ठेवलं.

"मी यावर काही लिहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्हीही कुठं काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत साहेबांनी लायसन्स उलटसुलट करून पाहिलं. कोरं करकरीत. ते खूश दिसले. "छान. गाडी चालवताना पोलिसांनी कधी अडवलंबिडवलं नाही ना?"

नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण ते काटेकोर उत्तर झालं नसतं.

"अडवणं म्हणजे नेमकं काय, यावर ते अवलंबून आहे," मी म्हटलं, आणि टेबलावरच्या कागदावर चौकाची आकृती काढायला घेतली. सूर्य कुठं होता, आत्याचा हात कुठं होता, आपाती किरण, परावर्तित किरण, हवालदार.

नोकरी मिळाली. नमुने आणायला दुसरा एकजण जातो. त्यानं आणलेल्या बाटल्या मी धुते. धुताना कितीही बोललं तरी चालेल, असं साहेबांनी स्वतः सांगितलंय.